आत्याचा क्लोजअप

आत्या हसली आणि तिच्या मागे आग लागली.

"परत," उत्पला म्हणाली.

मिहीरने परत केलं. पडद्यावर तीच सकाळ, तेच आरटीओचं मैदान, तीच कडक इस्त्रीतली इन्स्पेक्टरबाई. द्वारकाआत्याने स्कूटर इंग्रजी आठाच्या वळणातून अलगद बाहेर काढली, पाय टेकला, हेल्मेट उतरवलं. इन्स्पेक्टरबाईने मान डोलावली. सत्तरी ओलांडलेली आत्या परीक्षा पास झाली आणि तोंडभर हसली. ती हसते न हसते तोच मैदानापलीकडच्या वस्तीतून धुराची रेघ निघाली. मग ज्वाळा. मग पत्रे कोसळले, बायका ऊर बडवत पळत सुटल्या, आणि कुठूनसा पांढरा कुडता घातलेला एक गोरापान तरुण धावत आला. त्याने आत्याला स्कूटरवरून उचललं आणि आगीपासून लांब नेऊन ठेवलं.

"हा कोण रे बाबा?"

"देव जाणे. मी नाही बोलावला."

"अरे, माझ्या कथेत आग आहे का कुठे?"

"नाही ना! आग नको असं मी बजावून सांगितलंय यंत्राला." मिहीर पटवर्धन डोकं खाजवत म्हणाला. "आग नको म्हटलं की पूर आणतंय."

त्या दिवसांत शूटिंग नावाचा प्रकार जवळपास संपला होता. नटाने एका पांढऱ्या खोलीत आठवडाभर यायचं, बोलायचं, चालायचं, रुसायचं, रागवायचं. यंत्र ते टिपून घ्यायचं. बाकीचा सगळा पसारा, म्हणजे घर, रस्ता, ऊन, वारा, गर्दी, यंत्र स्वतः उभं करायचं. गोरेगावच्या अवंती चित्रसंस्थेतल्या यंत्राचं नाव होतं चित्राक्ष. आपल्याकडच्या शंभर वर्षांतले मिळतील तेवढे सिनेमे त्याला पाजले होते. लग्न म्हणा, ते मांडव घालणार. कोर्ट म्हणा, ते पंखा फिरवणार आणि न्यायाधीशाच्या हातात हातोडा देणार. काम असं चोख की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

उत्पला शिरसाटसारखीला तर हे यंत्र म्हणजे वरदानच. ती चेंबूरच्या पंचशील नगरातली. वडील पोस्टात, आई शाळेत. घराण्यात सिनेमाशी संबंध एका आत्याचा, तोही गर्दीत उभं राहण्यापुरता. उत्पलाने दहाएक वर्षं लोकांच्या सिनेमांना सहायक म्हणून घासली होती आणि दर वेळी "पुढच्या वेळी तुझाच" हे ऐकलं होतं. चित्राक्ष आलं, खर्च उतरला आणि एकदाची तिची पाळी आली. कथा साधी, हसरी. एक म्हातारी सत्तरीत स्कूटर शिकते. कुणी मरत नाही, कुणी कुणाला वाचवत नाही.

पहिल्याच दिवशी चित्राक्षने म्हातारीच्या दारात तुळशीवृंदावन उभं केलं होतं. बौद्धाच्या घरासमोर तुळस! उत्पला पोट धरधरून हसली होती. शंभर वर्षं सिनेमावाल्यांनी साधंसुधं मराठी घर म्हटलं की दारात तुळस मांडली, त्यात राहतंय कोण हे कधी विचारलं नाही. मग यंत्र तरी काय वेगळं करणार? तिने सांगितल्यावर तुळस निघाली. आग मात्र काही केल्या निघेना.

शेवटी मिहीरने हाताने आग पुसली. एकेक चित्र घेऊन धूर खरवडला, पत्रे जागच्या जागी बसवले, त्या कुडत्यावाल्याला घालवून दिलं. निर्माते देवव्रत कारखानीस बघायला आले तेव्हा पडद्यावर नुसतं स्वच्छ मैदान होतं आणि हसणारी आत्या होती.

कारखानीस म्हणजे सिनेमातली तिसरी पिढी. आजोबांचा स्टुडिओ, आई हेमांगी कारखानीस, जिच्या नावावर एके काळी तिकिटं काळ्या बाजारात जायची. माणूस मात्र गोड, कुणाला दुखवणार नाही.

"छान आहे गं," ते म्हणाले. "पण ही बाई घाबरल्यासारखी का हसतेय?"

उत्पलाच्याही ते लक्षात आलं होतं. आग गेली होती, पण हसताना पडद्यावरच्या आत्याचे डोळे मागे वळत होते. खांदे वर चढले होते. हसू ओठांवर होतं आणि बाकीचं अंग पळायच्या तयारीत.

"खऱ्या आत्याने असं केलं नव्हतं," उत्पला म्हणाली. "पांढऱ्या खोलीत ती मस्त हसली होती. हे यंत्राने घातलंय."

"मग एक सुचवू? राग मानू नकोस. माझी भाची आहे ना, अन्विता, तिचा चेहरा घेऊ. वय यंत्र वाढवेल, रंग थोडा गडद करू. अन्विताला हसवताना चित्राक्ष कधी अडलेलं नाही. कथा तुझीच, नाव तुझंच. आम्ही जातबीत काही बघत नाही, तुला ठाऊक आहे. बघ बाई, महिनाअखेरीला यंत्र दुसऱ्या सिनेमाला द्यायचंय. तोवर हसू जमलं तर ठीक, नाहीतर अन्विता."

रंग गडद करू! उत्पलाच्या डोक्यात तिडीक गेली. पण पहिला सिनेमा हातात असलेल्या माणसाची तिडीक घशाखालीच राहते. ती "बघते सर" म्हणाली आणि घरी आली.

द्वारकाआत्या गॅलरीत बसून केसांना मेंदी लावत होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली ती कायमची. जवळपास तीस वर्षं तिने सिनेमात गर्दीचं काम केलं. त्या धंद्यात गर्दीचेही दोन वर्ग होते. माणसं पुरवणारा विचारायचा, "डिसेंट पाहिजे का क्राउड?" डिसेंट म्हणजे गोरी, उंच, पार्टीत सरबताचा ग्लास धरून उभी राहतील अशी. त्यांना एसी गाडी आणि खुर्ची. क्राउड म्हणजे बाकीचे. कोण डिसेंट आणि कोण क्राउड हे पुरवणारा एका नजरेत ठरवायचा, आणि आडनाव विचारलं की त्याची उरलीसुरली शंकाही फिटायची. आत्या कायम क्राउड.

पण बाई वस्ताद! कंटिन्यूइटी नावाची गोष्ट तिने पहिल्याच वर्षी ओळखली. मोठ्या शॉटमध्ये तुम्ही हिरोच्या खांद्यामागे दिसलात की उद्याही तुम्हाला तिथेच उभं करावं लागतं, नाहीतर सीन जुळत नाही. मग आत्या काय करायची, कॅमेरा लागला की हळूच सरकत सरकत हिरोच्या खांद्यामागे. दुसऱ्या दिवशीचं काम पक्कं. असं करत करत ती इतक्या सिनेमांत शिरली की टीव्हीवर काहीही लागलं की शेजारपाजारच्या बायका ओरडायच्या, "द्वारकाबाई, तुम्ही आलात!" आणि आत्या हातातलं काम टाकून धावायची.

एवढं करून क्लोजअप मात्र एकही नाही. कॅमेरा एकदाही तिच्यासाठी म्हणून थांबला नव्हता. त्याचं तिला वाईट वाटायचं आणि ती ते लपवायची नाही. "माझं काम चांगलं होतं गं," ती सरळ म्हणायची. "बघणाऱ्याचंच नशीब फुटकं." या सिनेमात उत्पलाने तिलाच घेतलं तेव्हा ती आठवडाभर चेहऱ्याला बेसन लावत होती.

उत्पलाने आगीचं सांगितलं. अन्विताचं सांगितलं नाही.

आत्या खो खो हसली. "जळले पुन्हा? किती वेळा जाळताय मला! मला बघायचंय ते यंत्र. उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी ती आली. मिहीरने "या आजी" म्हटलं, त्यावर "आजी असेल तुझी आई" असं ऐकवून खुर्चीत बसली आणि स्वतःचं हसू बघू लागली.

"ही बया मागे कशाला बघतेय?"

"तेच तर कोडं आहे, आत्या." मिहीर तिच्याशेजारी येऊन बसला. तो मनाचा सरळ, आपल्या यंत्रावर जीव असलेला. "हे बघा, या यंत्राला चित्रं पाठ नसतात. सवयी पाठ असतात. कशानंतर काय येतं, एवढंच ते शिकतं. लाखो वेळा बघायचं आणि अंदाज बांधायचा. तुमच्यासारखा चेहरा, तशी वस्ती, आणि हसू, ही तिन्ही एकत्र आली की शंभर वर्षांच्या सिनेमात पुढे काय झालं? आग लागली, पूर आला, नाहीतर बुलडोझर आला. मग बाहेरून कुणीतरी वाचवायला आलं. सिनेमावाले या माणसांना आधी हसवायचे ते कशाला, तर पुढे ती जळताना प्रेक्षकाला वाईट वाटावं म्हणून. चित्राक्षने तो पाठ गिरवलाय. मी आग पुसली, पण तुमच्या हसण्यात त्याने आगीची वाट बघणं आधीच मिसळलंय. ते पुसायचं कसं?"

"खरंय पोरा," आत्या म्हणाली. "आम्हाला हसा म्हणाले की आम्ही ओळखायचो, दुपारी जाळणार."

मिहीरने मान डोलावली. तो म्हणाला, "एक उपाय आहे. विस्मरण."

उपाय कायदेशीर होता. चेहराहक्काचा कायदा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ज्याचा चेहरा यंत्रात आहे त्याने मागणी केली तर यंत्राला तो विसरायला लावता येत होतं. आत्याच्या चेहऱ्याने जे जे शिकवलं ते सगळं उणे करायचं. मग यंत्राकडे आत्याचं एकच रूप उरेल, पांढऱ्या खोलीतलं. ताजं, हसरं. अडचण अशी की सगळे जुने सिनेमेही आता चित्राक्षमधूनच लोकांपर्यंत जात होते. यंत्र जे विसरलं ते दाखवत नसे, म्हणून विस्मरण झालं की त्या सिनेमांतूनही आत्या निघून जाणार होती. कायमची.

"एका दिवसाचं काम आहे," मिहीर म्हणाला. "फक्त तुमची सही लागेल."

"उत्पलाचा सिनेमा होईल ना?"

"होईल."

"मग टाक पुसून. त्यात विचार कसला करायचा?"

"नमुना तरी बघा आधी." त्याने हेमांगी कारखानीसचा सगळ्यात गाजलेला सिनेमा लावला, ज्यात ती रंग फासून वस्तीतली पोर झाली होती आणि ज्यासाठी तिला पदक मिळालं होतं. आगीचा प्रसंग. हेमांगी आक्रोश करत होती, आणि तिच्या डाव्या खांद्यामागे, जिथे आत्या असायची, तिथे विटांची भिंत होती. जोड कुठे दिसत नव्हता.

पंचशील नगरात हा प्रसंग लागला की दिवाणखान्यात शिट्ट्या वाजायच्या. आत्याने नीट निरखून बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भिंत बरी दिसते. छान केलंस."

तिचा आवाज एवढा साधा होता की उत्पलाला रडू फुटलं. ती उठून बाहेर गेली. या बाईने आयुष्यभर एका खांद्यामागची जागा लढवून मिळवली आणि भाचीसाठी ती एका वाक्यात सोडून दिली. आपण त्याला हो म्हणायचं? पण नाही म्हटलं तर अन्विता. आत्याच्या चेहऱ्याच्या जागी काजळी फासलेली अन्विता! काही केलं तरी आत्याच पडद्यावरून जाणार होती. उत्पलाने सहीचं दुसऱ्या दिवसावर ढकललं.

सकाळी ती आत्याच्या आधी स्टुडिओत पोचली. रस्ताभर एकच प्रश्न तिला टोचत होता. हेमांगीबाईसुद्धा त्या आगीत होत्याच की. एकदा नाही, चार-पाच सिनेमांत वस्तीतली बाई होऊन जळल्या, बुडाल्या. मग यंत्र त्यांना तरी नीट हसवेल का?

"मिहीर, आत्याच्या जागी हेमांगीबाईंना बसव. तोच काळा रंग, तीच साडी, तेच मैदान, तीच स्कूटर. काही बदलू नकोस."

चित्राक्षने लगेच विचारलं, वारसांची परवानगी आहे का. उत्पलाने भुवया उंचावल्या. आत्याच्या चेहऱ्यासाठी यंत्राने असं काही कधी विचारलं नव्हतं. कारखानीसांना बोलावलं. आई बघायला मिळणार म्हटल्यावर ते हातातली मीटिंग सोडून आले आणि परवानगी देऊन मागे उभे राहिले.

हेमांगीने स्कूटर वळवली, हेल्मेट काढलं आणि हसली. वस्ती मागे जशीच्या तशी उभी. कुणाच्यातरी गॅलरीत कपडे वाळत होते, एक बाई शेवग्याच्या शेंगा निवडत होती. हेमांगी हसत राहिली, मनसोक्त.

"अरेच्चा!" मिहीर ताडकन उठला. "रंग तोच, वस्ती तीच. मग आग का नाही?"

"यंत्राला या दोघींबद्दल काय माहीत आहे ते दाखव मला."

मिहीरने यंत्राच्या पोटातलं उघडलं. हेमांगीच्या चेहऱ्यामागे तिचं नाव होतं, तिच्या मुलाखती, वाढदिवसाचे फोटो, पदक घेतानाचं हसू, विमानतळावरची चिडचिड. चित्राक्षला पक्कं ठाऊक होतं की ही बाई जळते आणि मग घरी जाऊन जेवते. आत्याच्या चेहऱ्यामागे एकच शब्द होता, गर्दी. तेवढंच नाही. नाव नसल्यामुळे प्रत्येक सिनेमातली आत्या यंत्राने वेगळी बाई धरली होती. शेकडो बायका, एकेकदा दिसलेल्या, एकेकदा रडलेल्या, एकेकदा मेलेल्या.

"म्हणजे हेमांगीबाई जळल्या तर तो अभिनय," उत्पला सावकाश म्हणाली. "आणि आत्या जळली तर ती जळली. आत्या नटी आहे हेच याला कुणी सांगितलेलं नाही. पुसायचं कशाला, मिहीर? नाव द्यायचं! जिथे जिथे ती आहे तिथे तिथे सांगायचं, ही द्वारका साळवे, ही काम करतेय."

मिहीरचे डोळे लकाकले. "जमेल! शेकडो बायकांची एक बाई होईल. ती एवढ्या वेळा मेली आणि तरी परत आली, हे यंत्राला दिसेल. मग वस्तीसुद्धा जळायची थांबेल..." तो थबकला. "पण वेळ लागेल. ती गर्दीत कुठे कुठे आहे ते यंत्राला ओळखता येत नाही. माणसानेच बसून दाखवायला हवं. महिनाअखेर काही गाठता येणार नाही."

कारखानीस खाकरले. "उत्पला, मला कळतंय गं. पण पुढच्या सिनेमाची माणसं खोळंबलीत. विस्मरण एका दिवसात होतंय, आणि तुझ्या आत्यांची हरकतही नाही म्हणे."

"माझी आहे सर. मी ती सही होऊ देणार नाही. सिनेमा गेला तर गेला."

हे वाक्य आत्याच्या कानावर पडलं, कारण ती नेमकी त्याच वेळी दारातून आत येत होती. सहीसाठी म्हणून ठेवणीतली साडी नेसलेली. "काय गेला? डोकं फिरलंय का तुझं? दहा वर्षं उंबरठे झिजवलेस आणि आता माझ्या चार रडक्या तोंडांसाठी सिनेमा घालवतेस?"

"चार नाहीत गं, आत्या—"

"माझं तोंड आहे. मी पुसेन नाहीतर ठेवेन. तू कोण मला..." आणि तिची नजर पडद्यावर गेली. राग कुठल्याकुठे पळाला. "अगंबाई! हेमांगीबाई! किती गोड हसतायत बघा!"

कारखानीसांनी तिच्याकडे वळून बघितलं. "तुम्ही ओळखत होतात आईला?"

"त्या कशाला मला ओळखतात? पण मी त्यांच्या मागे उभी असायचे ना. काय रडायच्या हो तुमच्या आई! खोटं नाही सांगत साहेब, अंगावर काटा यायचा. पोटातून हुंदका काढायचा आणि गळ्यात अडवायचा, हे मी त्यांचं बघून बघून शिकले. त्या आगीच्या सीनला आम्ही दोघी मिळून रडलो. फक्त कॅमेरा त्यांच्यापाशी थांबला, एवढाच काय तो फरक."

"तो सीन मी लहानपणापासून बघतोय."

"मग मला बघितलंच असणार."

कारखानीसांनी मिहीरला खूण केली. जुना सीन लागला, भिंतीशिवायचा. हेमांगीच्या खांद्यामागे, किंचित धूसर, तिशीतली द्वारका. बाकीच्या बायका ज्वाळांकडे बघून ऊर बडवत होत्या. ही ज्वाळांकडे बघत नव्हती. तिची नजर एका दारावर खिळली होती, हात पुढे येत होते आणि मागे जात होते, आणि पायाचा अंगठा कशावर तरी दाब दिल्यासारखा खालीवर होत होता.

"हे काय करताय तुम्ही?" कारखानीसांनी विचारलं.

"आम्हाला सांगितलं होतं, आत लेकरं राहिलीत, रडा. सगळ्या जणी लेकरासाठी रडल्या. म्हटलं, एकीचं तरी वेगळं असू दे. माझ्या बाईची शिलाई मशीन आत राहिली होती, साहेब. आताच घेतलेली. लेकरं तिने बाहेर काढली होती, पण मशीन एकटीला उचलेना. आणि कुणाला सांगणार? लोकांची लेकरं जळताना मशीनसाठी रडायचं म्हणजे लाजच की. म्हणून ती रडतेय पण आवाज काढत नाहीये. पाय बघा, मशीन चालवतोय."

उत्पलाने हा सीन अगणित वेळा पाहिला होता, शिट्ट्या मारल्या होत्या, आणि तो पाय तिला आज दिसला. केवढी मोठी कलावंत आपल्या गॅलरीत केसांना मेंदी लावत बसलेली असते! तिने आत्याचा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही.

कारखानीसांनी तो सीन पुन्हा लावायला सांगितला. या वेळी ते आईकडे बघत नव्हते. संपल्यावर चष्मा काढून पुसत बसले.

"सही नको," ते म्हणाले. "पुढच्या सिनेमावाल्यांशी मी बोलतो. भाचीलाही सांगतो. शिव्या खाईन थोड्या. तुम्ही सावकाश बसून दाखवा कुठे कुठे आहात ते, द्वारकाबाई."

"साहेब, मी एकटी कशी दाखवणार? आम्ही पुष्कळ जणी होतो."

आणि त्या आल्या. क्राउडमधल्या, जिवंत असलेल्या, चालू शकणाऱ्या आणि ज्यांना धरून आणावं लागलं त्याही. फातिमाबी, लीला पगारे, काठी टेकत आलेली मेरी डिकॉस्टा. स्टुडिओत नुसता कल्लोळ. "थांब थांब, ती मी!" "तू कसली, ती माझी पाठ आहे!" आत्याने तर मेरीचा एक अख्खा पाठमोरा शॉट स्वतःच्या नावावर लावून घेतला आणि पकडली गेल्यावर म्हणाली, "बरी होती पाठ, म्हणून घेतली." ज्या गेल्या होत्या त्यांची नावंही या बायका सांगत होत्या. मिहीर नाव घालत होता आणि चित्राक्ष शिकत होतं. मैदानातली दंगल, दुष्काळाची रांग, मोर्चा, लग्नाच्या मांडवाबाहेर पत्रावळी उचलणाऱ्या बायका. ज्या पडद्यावर आजवर नुसती गर्दी होती तिथे आता एकेका चेहऱ्यावर नाव उमटत होतं, आणि कारखानीस दुपारी येऊन मागच्या खुर्चीत बसायचे आणि कुणाला कळू न देता दोन-दोन तास बघत राहायचे.

मग एक दिवस मिहीर म्हणाला, "झालं. आता बघू या."

सगळ्या जणी दाटीवाटीने बसल्या. फातिमाबी तोंडात पदर धरून, मेरी डोळे मिटून. हे जमलं नाही तर पुढे काही नव्हतं. यंत्राचा वेळ संपला होता, कारखानीसांनीही आणखी कुणाला थोपवणं शक्य नव्हतं.

मैदान. सकाळ. स्कूटर आठातून बाहेर आली. पाय टेकला. हेल्मेट निघालं, आणि चेहरा पडदाभर झाला. द्वारका साळवे हसली. आधी डोळ्यांत, मग गालांत, मग सगळं अंगच हसलं. खांदे सैल होते. नजर समोर होती. सगळ्यांचे डोळे तिच्या पाठीमागच्या वस्तीवर खिळले होते. तिथे एक पोरगी दोरीवरच्या उड्या मारत होती, कुणीतरी मोटारसायकल धूत होतं, वरच्या मजल्यावरून कुणी कुणाला चहाला बोलावत होतं. धूर नाही. कुडतेवाला नाही. आत्या हसतच राहिली.

एकच गलका झाला. मिहीरने टेबलावर हात आपटले, लीलाबाईंनी शिट्टी मारली, मेरी रडत रडत विचारत होती, "लागली का आग? लागली का?" कारखानीस उभे राहून टाळ्या वाजवत होते. उत्पला आत्याच्या गळ्यात पडली. "आत्या, झालं गं! झाला तुझा क्लोजअप!"

आत्या तिला थोडं बाजूला सारून पडद्याकडेच बघत होती. हनुवटीवर बोट, डोळे बारीक. शॉट संपला तरी ती तशीच.

"काय झालं? आवडला नाही?"

"चांगलाय," आत्या म्हणाली. मग तिने मान हलवली. "पण शेवटी शेवटी मी जरा जास्तच दात काढलेत. ह्याच्यापेक्षा बरं जमतं मला."

ती उठली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि पांढऱ्या खोलीच्या दाराकडे निघाली.

"अजून एक टेक घेऊ," ती जाता जाता म्हणाली. "थांबा म्हणावं सगळ्यांना."

आणि सगळे थांबले.